यंत्र मागाहून, लॉगबुक आधी

वाचकाचं पत्र:

«सर, नमस्कार. मी इंदूरचा. सांवेर रोडवर माझं लेथ-मिलिंगचं छोटं वर्कशॉप आहे, पीथमपूरच्या कंपन्यांची जॉबवर्क करतो. वय ४४. लहानपणी बाबांबरोबर बिजासन टेकडीवर दर्शनाला गेलो की माझं सगळं लक्ष शेजारच्या धावपट्टीकडे असायचं. ते वेड अजून गेलेलं नाही. आता मुलगी कॉलेजात गेली आहे, कर्ज फिटलं आहे. एक जुनं मोटर ग्लायडर घ्यावं, दोन वर्षं खपून स्वतःच्या हातांनी नीट करावं आणि उडवावं, असं डोक्यात आहे. जर्मनीतलं १९७४ सालचं शाइबे फाल्के, एसएफ-२५सी, १३ हजार युरोला निघालं आहे. 'सध्या उडत नाही, पण सगळे भाग आहेत,' असं मालक म्हणतो. माझी ऐपत १४ लाखांपर्यंत. स्वस्त आणि चांगलं कुठे शोधावं? बघताना काय बघावं? माझी ३० बाय २० फुटांची पत्र्याची शेड पुरेल का? बायको म्हणते, आधी स्कूटरचे ब्रेक नीट करा. फ्लाइंगचं लायसन्स अजून काढलेलं नाही. — एक पंखवेडा, इंदूर»

प्रिय पंखवेडे,

तुमच्या मनात भरलेलं फाल्के घेऊ नका. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तुम्ही थंड डोक्याने वाचाल.

मोटर ग्लायडर, म्हणजे इंजिनावर चढून मग ते बंद करून तरंगता येणारं विमान, म्हणून फाल्केला नावं ठेवायला जागा नाही. एगॉन शाइबेंचं हे डिझाइन १९६३ मध्ये पहिल्यांदा उडालं आणि युरोपातल्या किती क्लबांनी त्यावर पोरं तयार केली याची गणती नाही. शेजारी-शेजारी दोन सीटा, स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर कापड, लाकडी पंख, पोटाखाली एक मोठं चाक. एसएफ-२५सीचं लिंबाख इंजिन तर फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनावरून घडवलेलं. तुमच्यासारख्या माणसाला ते उघडून ठेवलं की घरातल्यासारखं वाटेल. पण ते १९७४ चं आहे. बाहेरून आणायच्या विमानांसाठी डीजीसीएचा, म्हणजे आपल्या नागरी विमान नियंत्रकाचा, वयाचा नियम आहे. केबिनमध्ये हवेचा दाब राखायची सोय नसलेल्या (अनप्रेशराइज्ड) छोट्या विमानांचा निर्णय एकेका विमानाचं रेकॉर्ड बघून होतो, पण वीस वर्षांहून जुन्याला साधारणपणे परवानगी देत नाहीत. तुमचं फाल्के पन्नाशी ओलांडून गेलेलं. कंटेनर मुंद्र्याला किंवा न्हावाशेवाला उतरला आणि मग तुम्ही परवानगीच्या मागे लागलात, तर डेमरेजच्या, म्हणजे बंदरात माल पडून राहिल्याच्या भुर्दंडाच्या, पैशात आणखी एक फाल्के येईल.

म्हणून क्रम उलटा करा. परवानगी तत्त्वतः मिळते का ते आधी, पैसे नंतर. मालक कितीही सज्जन वाटो, त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर कितीही देखणे फोटो पाठवोत, टोकन म्हणून शंभर युरोसुद्धा पाठवायचे नाहीत.

याच नियमामुळे स्वस्त म्हणून डोळ्यांत भरणारी बाकीची नावंही गळून पडतात. ब्रिटनच्या हवाई दलाने कॅडेटांसाठी १९९१ पासून वापरलेली ग्रोब १०९बी, त्यांच्याकडे नाव 'व्हिजिलंट', २०१८ मध्ये निवृत्त झाली. फायबरग्लासचं मजबूत मशीन, पण तेही वयात बसत नाही. हॉफमनचं जुनं डिमोना, फ्रान्सचं फुर्निए आरएफ-५, सगळ्यांची तीच गत. नियमात बसेल असं म्हणजे अलीकडची सुपर डिमोना एचके-३६, रोटॅक्स इंजिनाची नवी फाल्के, स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेलचं सिनस. यातलं बऱ्या अवस्थेतलं सुपर डिमोना साठ हजार युरोच्या आत मिळालं तर नशीब समजा. युरो शंभर रुपयांच्या घरात आहे, हिशेब तुम्हीच मांडा. वर भाडं, विमा, कस्टम. कस्टमसाठी एखाद्या क्लिअरिंग एजंटला आधी गाठा आणि यंत्र कुठल्या टॅरिफ शीर्षकात बसतं ते लेखी घ्या. इंजिन नसलेलं ग्लायडर आणि इंजिन असलेलं विमान यांची शीर्षकं वेगळी आहेत आणि मोटर ग्लायडर त्या दोघांच्या मधोमध उभं असतं.

आता तुमच्या मनाला सगळ्यात जास्त लागेल ते.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, «स्वतःच्या हातांनी नीट करावं.» माणूस लेथवर उभा राहतो म्हणजे काय हे मला ठाऊक आहे. कंट्रोल लिंकेजमधला एखादा झिजलेला बुश तुम्ही दुपारच्या चहाआधी काढून द्याल आणि तो कारखान्याच्या बुशपेक्षा चांगला बसेल. तो विमानात लावता येणार नाही. विमानात जाणाऱ्या प्रत्येक भागाबरोबर तो कुठे बनला, कुणी तपासला, कुणी वापरायला मंजूर केला याचं प्रमाणपत्र लागतं. युरोपातून आला तर ईएएसएचा (तिथल्या विमान नियंत्रकाचा) फॉर्म १, आपल्याकडच्या मान्यताप्राप्त संस्थेकडून आला तर सीए फॉर्म १. बोल्टचंच बघा. विमानाच्या एएन बोल्टच्या डोक्यावर ठरावीक खुणा असतात. सियागंजातला ८.८ ग्रेडचा बोल्ट शेजारी ठेवला तर पॉलिश करून दोन्ही सारखेच चमकतील, व्हर्नियरलाही फारसा फरक कळणार नाही. फरक धातूच्या इतिहासात असतो: कुठल्या हीटचा (भट्टीतल्या कुठल्या ओतीचा), किती टफ, किती थकलेला. एका क्लबच्या हँगरमध्ये मी सीट-बेल्टच्या ब्रॅकेटला लोहामंडीतला बोल्ट लावलेला पाहिला होता. कापड काढल्यावरच तो सापडला. लावणारा मेकॅनिक मनाने उत्तम होता, त्याला मशीन लवकर उडवायचं होतं.

म्हणजे तुमचे हात वाया जातील का? नाही. सुटं करणं, साफ करणं, कापड काढणं-चढवणं, सँडिंग, रंग, जिग आणि स्टँड बनवणं हे सगळं तुम्ही करू शकाल. पण काम डोळ्यांनी पाहून सही करायला परवानाधारक मेंटेनन्स इंजिनिअर लागेल, आणि तोही मान्यताप्राप्त मेंटेनन्स संस्थेच्या छत्राखाली. असा माणूस विमानाच्या आधी शोधा. इंदूरला मध्य प्रदेश फ्लाइंग क्लब आहे, सागरजवळ धाना इथे ट्रेनिंगची विमानं आहेत. तिथले इंजिनिअर लाकूड-कापडाचं काम किती करतात ते विचारा. बहुतेकांचे हात अ‍ॅल्युमिनियमच्या सेसनावर बसलेले असतात. लाकडी पंखावर सही करायला तयार असलेला इंजिनिअर मिळाला नाही तर लाकडी पंखाचं विमान घ्यायचं नाही, विषय संपला.

कॅप्टन अमोल यादवांचं विमान तुम्हाला आठवत असेलच. मराठी घरांत त्याची चर्चा बरीच झाली. कांदिवलीत घराच्या गच्चीवर बांधलेलं सहा सीटांचं विमान २०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. नोंदणी मिळाली २०१७ मध्ये, उडवायची परवानगी २०१९ मध्ये. प्रदर्शनात ते उभं होतं तेव्हा धातूचं बरंचसं काम झालेलं होतं. उरलेली वर्षं कागदांनी घेतली. ते स्वतः पायलट, त्यात चिकाटीचे, वरपर्यंत दार ठोठावणारे. तुमच्याकडे वर्कशॉप चालवून उरलेला वेळ आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की तुम्ही ग्लायडर विकत घेत नसता, त्याची लॉगबुकं, म्हणजे उड्डाणांच्या आणि दुरुस्त्यांच्या वह्या, विकत घेत असता. इंदुरात प्लॉट घेताना आपण झाडं आणि वारा बघून भाव ठरवत नाही, रजिस्ट्री आणि मागची साखळी बघतो, तसंच. एअरफ्रेमचं, इंजिनचं, प्रॉपेलरचं अशी वेगवेगळी लॉगबुकं पहिल्या दिवसापासून सलग असतील तर पंखावर भोक असलं तरी चालेल. लॉगबुक हरवलं असेल, मधली सहा वर्षं कोरी असतील, नाहीतर डेटा प्लेट (विमानाचा अनुक्रमांक कोरलेली पट्टी) जागेवर नसेल, तर ते भंगार आहे आणि भंगाराचा भाव किलोवर ठरतो. काही विक्रेते 'लॉगबुक घरी आहे, नंतर पाठवतो' म्हणतात. नंतर म्हणजे कधीच नाही.

स्वस्त कुठे शोधावं याचं उत्तरही यातूनच निघतं. जर्मनीच्या जाहिराती बंद करा आणि आपल्याच नोंदवहीत बघा. डीजीसीए भारतात नोंदलेल्या, म्हणजे 'व्हीटी' ने सुरू होणाऱ्या विमानांची यादी प्रसिद्ध करते. त्यात मोटर ग्लायडर आणि सिनससारखी यंत्रं सापडतील. त्यांतली सगळी उडत असतील असं समजू नका. कुठे क्लबने पैशांअभावी उभं केलेलं असतं, कुठे संस्थेने एकदा आणलं आणि चालवायला माणूस उरला नाही म्हणून झाकून ठेवलेलं असतं. या यंत्रांचे तीन मोठे डोंगर आधीच पार झालेले असतात: आयात झालेली, कस्टम भरलेलं, आणि त्या जातीच्या यंत्राला भारतात मान्यता मिळालेली. मालकाला साधं कागदावरचं पत्र लिहा, ईमेल नको. ट्रस्ट, सोसायटी, शासकीय क्लब अशा ठिकाणी आवक नोंदवहीत चढलेल्या पत्राला उत्तर येतं, ईमेलला येत नाही.

शासकीय माल निघतो तो बहुधा लिलावात. एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावावर नजर ठेवा, राज्यांच्या विमानन विभागांच्या निविदा बघा. मात्र लिलावात दोन प्रकारची यंत्रं येतात आणि दोन्हींचा फोटो सारखाच दिसतो. एक नोंदणी जिवंत असलेलं, दुसरं नोंदणी रद्द करून 'जसं आहे तसं, जिथे आहे तिथे' काढलेलं. दुसऱ्याला परत आकाशात न्यायचं म्हणजे जवळजवळ नव्याने जन्म द्यायचा. बोली लावण्याआधी नोंदणीची स्थिती बघा. आणि बघायला स्वतः जा. एखादी रात्र रेल्वेत काढणं लाखभर घालवण्यापेक्षा बरं.

तिथे गेल्यावर काय बघायचं ते आता सावकाश सांगतो. फोटोत हे काहीही दिसत नाही.

पंख लाकडी असेल तर आधी वास घ्या. तपासणीची झाकणं उघडा आणि नाक आत घाला. कोरड्या लाकडाला किंचित गोडसर वास असतो. पावसाळ्यात बंद राहिलेल्या तळघरासारखा कुबट वास आला तर पुढचं बघायचं कारण नाही. मग पंखाच्या खालच्या बाजूची निचऱ्याची भोकं बघा. दर रिबच्या (पंखातल्या फासळीच्या) मागे बारीक भोक असतं, आणि कुणीतरी रंग मारताना ती बुजवलेली असतात. पाणी तिथेच साठतं आणि मागच्या कडेच्या प्लायवूडच्या गोंदाला सोडवत बसतं. जुना केसीन गोंद ओलाव्याने बुरशी धरतो, युरियावाला ठिसूळ होतो. हजार रुपयांच्या आत मोबाइलला लावायचा एंडोस्कोप मिळतो, तो रूटच्या (पंखाच्या मुळाच्या) बाजूने आत घाला आणि स्पारला (पंखाच्या मुख्य तुळईला) रिब जिथे चिकटते तो कोपरा बघा. चांगला जोड असेल तर कडेने गोंदाची सलग काचेसारखी रेघ दिसते. रेघेत भेगा असतील, तिच्याखाली तपकिरी पूड पडलेली असेल तर गोंद गेला. मी एक पंख असा उघडलेला पाहिला आहे की बाहेरून त्याच्या रंगात तोंड दिसत होतं, आणि आतली रिब बोटाने ढकलली तर चिकटपट्टी सुटावी तशी निघून आली. नाणं घेऊन प्लायवूडवर टिचकी मारत जा. टणक आवाज मध्येच बोदा झाला की तिथे खडूने गोल करा.

स्टीलच्या सांगाड्यात खालची लाँजरॉन, म्हणजे लांबीने जाणारी मुख्य नळी बघा, शेपटीकडची. विमान उभं असताना पाणी घरंगळत तिथे जमतं. नळी आतून गंजते, बाहेरून रंग शाबूत असतो. बारीक टोच्या दाबून बघा. दाबला गेला तर नळी बदलायची, आणि विमानाचं वेल्डिंग करायला वेगळा मान्यताप्राप्त वेल्डर लागतो, हे तुम्हाला सांगायला नको.

फायबरग्लासचं यंत्र असेल तर पांढऱ्या गेलकोटवर, म्हणजे सगळ्यात वरच्या रेझिनच्या थरावर, केसासारख्या बारीक भेगांचं जाळं शोधा. नुसता गेलकोट तडकला असेल तर तो सगळा घासून नवा करावा लागतो. शेकडो तास सँडिंग. हे काम माणसाला वेडं करतं, पण ते तुमच्या हातातलं आहे आणि त्यात तुमची मजुरी वाचते. भेग खालच्या फायबरच्या कापडात गेली असेल तर गोष्ट वेगळी. तसंच फायबरचे ग्लायडर पांढरे का असतात ते लक्षात ठेवा: उन्हात रंगीत पृष्ठभाग तापतो आणि साधारण ५४ अंशांपुढे जुन्या रेझिनची ताकद उतरायला लागते. कुणी हौसेने पंख लाल रंगवलेला दिसला तर मालकाला दुसरे प्रश्नही विचारा.

इंजिनचे तास तुम्ही बघालच. मी तारखा बघायला सांगतो. रोटॅक्स ९१२ ला तासांबरोबर वर्षांचीही मुदत असते आणि त्याच्या रबरी नळ्या दर पाच वर्षांनी बदलायच्या असतात, विमान एक तासही उडालेलं नसलं तरी. 'फक्त २०० तास उडालंय' ही जाहिरातीतली ओळ ऐकायला गोड वाटते, पण वीस वर्षांत दोनशे तास म्हणजे इंजिन उभ्यानेच म्हातारं झालं. हॉफमनचा बदलत्या कोनाचा प्रॉपेलर असेल तर त्याच्या ओव्हरहॉलची तारीख आधी विचारा. ते बिल पाहून लोक अख्खं विमान विकायला काढतात.

आणि एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह. नियंत्रकाने त्या जातीवर काय काय बंधनं घातली आहेत ती यादी. २०१० मध्ये ऑस्ट्रियात एका एल-१३ ब्लानिक ग्लायडरचा पंख हवेत तुटला, धातूला थकवा आला होता. त्यानंतर युरोपच्या नियंत्रकाने ती ग्लायडरं जमिनीवर बसवली. ती मग मातीमोल भावात विकायला निघाली. चेक बनावटीचं व्हिवाट नावाचं मोटर ग्लायडर तुम्हाला स्वस्तात दिसेल, त्याचे पंख त्याच ब्लानिकच्या कुळातले आहेत. म्हणजे ते वाईटच असं नाही. पण एखादं यंत्र एवढं स्वस्त का आहे, याचं उत्तर विक्रेत्याआधी या यादीत मिळतं.

आपल्या माळव्याच्या हवेबद्दल दोन शब्द. थर्मल, म्हणजे तापलेल्या हवेचे वर चढणारे झोत, आपल्याकडे उन्हाळ्यात असे उठतात की घारी पंख न हलवता दुपार काढतात. तरंगायला उत्तम, टेक-ऑफला नाही. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. पारा ४० ला गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाला वाटतं आपण पाच हजार फुटांवर आहोत. इंजिनची ताकद साधारण पंधरा टक्के पडते, पंख आणि प्रॉपेलरही तेवढेच सुस्तावतात. तुमच्या त्या फाल्केचे साठ हॉर्सपॉवर जर्मनीच्या थंड सकाळी पुरतात. इथे मे महिन्यात दोन माणसं बसवून ते चढेल, पण कुंपणापलीकडचं बाभळीचं झाड तुम्हाला बराच वेळ दिसत राहील. ८० हॉर्सपॉवरच्या खाली विचार करू नका, टर्बोवालं रोटॅक्स ९१४ मिळालं तर फारच छान.

इंधनाचंही असंच. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. रोटॅक्स ९१२ ला १० टक्क्यांपर्यंत चालतं. जुन्या नळ्या, टाकीचे सील, फायबरची टाकी यांचं इथेनॉलशी जमत नाही. तेव्हा एव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल. ते पूर्वी बाहेरून यायचं, २०२२ पासून इंडियन ऑइल आपल्या शेजारी वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवते. त्यात शिसं असतं, म्हणून रोटॅक्सचं ऑइल लवकर-लवकर बदलावं लागतं. महाग पडेल, पण डोक्याला ताप नाही.

शेड. लांबीने पुरेल. तीस फूट म्हणजे नऊ मीटर, फ्यूजलाज (विमानाचं धड) आठाच्या आसपास आणि सुटा केलेला अर्धा पंखही साधारण तेवढाच. अडचण पत्र्याची आहे. मेच्या दुपारी पत्र्याखाली लाकूड, गोंद, रेझिन काहीही ठेवायच्या लायकीचं नसतं. छताला इन्सुलेशन घाला, वारा खेळता ठेवा, आणि डोप (कापड ताणून घट्ट करणारं रोगण) मारायचा असेल तर वेल्डिंगचा कोपरा दुसरीकडे हलवा, डोप फार लवकर पेट घेतो. उंदरांचा बंदोबस्त मात्र आधी. उंदीर पंखात घर करतो, आणि त्याच्या मुतापुढे कुठला प्रायमर टिकत नाही. शेवटची जोडणी आणि उड्डाण धावपट्टीवरच होणार. इंदूरचा विमानतळ आता प्रवासी विमानांचा झालाय, तिथे हौशी माणसाला हँगरची जागा मिळणं अवघड. उज्जैनजवळची दताना, रतलामची बंजली अशा शासनाच्या पट्ट्या आहेत. कुठली कुणाला भाड्याने दिलीय ते राज्याच्या विमानन विभागाकडून काढा.

आता वहिनींचा मुद्दा. स्कूटरचे ब्रेक आज संध्याकाळी करून टाका, तो वाद संपवा. त्यांच्या बोलण्यात मला विरोध दिसत नाही, शंका दिसते, आणि शंका रास्त आहे: उडवता येत नसताना विमान घ्यायचं? मलाही तोच प्रश्न आहे. १४ लाखांतले पहिले पैसे शिकण्यात घाला. पुण्यात हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे, तिथे विंचने (दोर झपाट्याने गुंडाळणाऱ्या यंत्राने) ग्लायडर वर ओढतात. सध्या चालू आहे का, तुकड्या आणि फी, सगळं फोन करून विचारा. वहिनींनाही घेऊन जा, पुण्यात तुमचं कुणी ना कुणी असेलच. विंचचा पहिला झटका बसला की पोट मागेच राहतं. त्यानंतरही तुम्हाला परत वर जावंसं वाटलं तर ही हौस खरी. न वाटल्यास स्वस्तात सुटलात. शिवाय जुन्या ग्लायडरवाल्यांत बसल्याशिवाय कुठलं यंत्र कुठे पडून आहे ही बातमी कळत नाही. या व्यवहारातले निम्मे सौदे जाहिरातीविनाच होतात.

पैशांबाबत माझा ठोकताळा असा की दुरुस्तीला घेतलेल्या यंत्राच्या किमतीएवढेच पैसे पुन्हा दोनदा लागतात. म्हणजे तुमच्या १४ लाखांत यंत्र पाच लाखांच्या आतलं हवं, आणि तसं फक्त आपल्याच देशात, बंद पडलेलं, कागद शाबूत असलेलं मिळू शकेल. ते जमत नसेल तर चौघे मिळून घ्या. इंदुरात हौशी माणसांचा तुटवडा नाही. एखादा डॉक्टर, एखादा रिटायर्ड फौजी, एखादा पीथमपूरचा इंजिनिअर शोधा. पण भागीदारीचं पत्र पहिल्या दिवशी लिहा: कोण किती देणार, कुणी बाहेर पडला तर त्याचा हिस्सा कसा मोजायचा, अपघातात नुकसान झालं तर कुणाच्या खिशातून. मित्र असला तरी. मित्र असेल तर आधी.

मालक सापडला की पत्रात भाव विचारू नका. पुढच्या गोष्टींचे फोटो मागा: डेटा प्लेट, नोंदणीचं प्रमाणपत्र, एअरवर्दिनेसचा शेवटचा कागद, तिन्ही लॉगबुकांचं पहिलं आणि शेवटचं पान, डायरेक्टिव्ह पूर्ण केल्याची यादी. इंजिन आणि प्रॉपेलरवरचे क्रमांक लॉगबुकातल्या क्रमांकांशी जुळतात का ते स्वतः ताडून बघा. हे सगळं आलं की ते तुमच्या इंजिनिअरला दाखवा. तो हो म्हणाला की मग भावाचं बोला, आणि पहिला आकडा मालकाला बोलू द्या.